प्रगतिपुस्तक वाचायचे कसे?
माध्यमिक वर्गांतील मूल्यमापनाविषयी पालकांशी हितगुज

पालकसभेच्या दिवशी आपल्या शाळेचे पटांगण सकाळी नऊपासूनच भरू लागते. कोणी पहाटेच्या एसटीने आलेले असते, कोणी एका दिवसाची मजुरी बुडवून. लेकरासाठी बांधून आणलेली भाकरी-चटणी, एखादा नवा शर्ट, वसतिगृहाच्या पायरीवर बसून झालेल्या गप्पा, आणि मग वर्गशिक्षकांच्या टेबलासमोरची रांग. प्रगतिपुस्तक हाती घेतले जाते, शेवटचे पान उलटले जाते आणि एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘पोरगं पास आहे ना, सर?’’ आम्ही ‘हो’ म्हणतो. पालक सही करतात, कोणी अंगठा उठवतात. सारा व्यवहार एका मिनिटात आटोपतो. शिक्षक म्हणून गेली कित्येक वर्षे आम्ही हा प्रसंग पाहत आलो आहोत, आणि खरे सांगायचे तर बराच काळ आम्हांलाही त्यात काही उणे आहे असे वाटले नव्हते.

तसे वाटू लागले ते एका विद्यार्थ्यामुळे. मुलाचे आईवडील ऊसतोडणीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. नववीच्या निकालाला वडील आले आणि त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मुलाला गणितात छत्तीस गुण होते, म्हणजे तो उत्तीर्ण होता. आम्ही ‘हो’ म्हणालो. त्या छत्तीस गुणांपैकी अठरा गुण ऐंशीच्या लेखी परीक्षेतले होते आणि उरलेले अठरा वीसच्या अंतर्गत मूल्यमापनातले, हे आम्ही सांगितले नाही. त्यांनी विचारले नव्हते, आणि रांग मोठी होती. पुढच्या वर्षी दहावीच्या बोर्डात त्याच मुलाला गणितात लेखीचे बारा आणि अंतर्गतचे सतरा, असे एकूण एकोणतीस गुण मिळाले. वडील शाळेत आले आणि म्हणाले, ‘‘सर, गेल्या साली तर तुम्ही पास आहे म्हणाला होता.’’ या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही खोटे बोललो नव्हतो. पण जे सांगायला हवे होते ते सांगितलेही नव्हते.

स्मरणिकेतील हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तराची भरपाई समजावी. आपल्या मुलांचे गुण कसे बनतात, श्रेणी कशी ठरते, निकालाविषयी शंका आली किंवा अपयश आले तर कोणते मार्ग खुले असतात, हे पालकांना ठाऊक असायला हवे. आपल्यापैकी अनेक घरांत दहावीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी आहे. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांना ही माहिती जेवणाच्या पंगतीत मिळते. आपल्याला ती मुद्दाम मिळवावी लागते.

पाचवी ते आठवी : श्रेणींची भाषा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानंतर आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ सुरू झाले. नाव अवघड असले तरी आशय सोपा आहे. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर मुलाचा निकाल न लावता वर्षभर त्याच्या प्रगतीची नोंद ठेवायची. या नोंदींचे दोन भाग असतात. वर्गातील निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या हे झाले ‘आकारिक’ मूल्यमापन. सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा हे ‘संकलित’ मूल्यमापन. पाचवी-सहावीत या दोन्हींना निम्मेनिम्मे महत्त्व दिले गेले, तर सातवी-आठवीत आकारिकला चाळीस आणि संकलितला साठ टक्के.

या गुणांची मग श्रेणी होते. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, आणि त्याखाली इ-१ व इ-२. पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ८० गुणांचे मूल ब-१ मध्ये जाते आणि ८१ गुणांचे अ-२ मध्ये. दोघांत अंतर केवळ एका गुणाचे असते. उलट ७१ आणि ८० गुणांची दोन मुले एकाच ब-१ श्रेणीत बसतात. म्हणून शेजारच्या मुलाची श्रेणी वरची आहे एवढ्यावरून आपल्या मुलाला बोलू नये.

आठवीपर्यंत मूल नापास होत नाही, हा समज आता पूर्णपणे खरा राहिलेला नाही. केंद्रीय कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार आपल्या राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू झाली. त्या परीक्षेत मूल कमी पडले तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घेतली जाते, आणि तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याच वर्गात राहते. त्यामुळे पाचवी आणि आठवी या दोन वर्षांकडे अधिक लक्ष असावे.

दहावीचे शंभर गुण कोठून येतात?

नववीपासून चित्र बदलते. नववीची परीक्षा शाळा घेते, दहावीची महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. या मंडळालाच आपण ‘बोर्ड’ म्हणतो. पुणे, नागपूर, मुंबई, लातूर, अमरावती अशी त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत.

दहावीला सहा विषय आणि सहाशे गुण असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान, आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषयाचे शंभर गुण ८० आणि २० असे विभागलेले आहेत. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा बोर्ड घेते. गणितात हे ऐंशी गुण बीजगणित व भूमिती असे चाळीस-चाळीसचे, विज्ञानात भाग एक व भाग दोन असे, आणि सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल असे वाटलेले असतात. उरलेले वीस गुण शाळेच्या हाती असतात. भाषांसाठी तोंडी परीक्षा व तत्सम काम, विज्ञानासाठी प्रात्यक्षिके, गणितासाठी गृहपाठ व बहुपर्यायी चाचणी, असे त्यांचे स्वरूप असते. उत्तीर्ण होण्यासाठी पस्तीस टक्के गुण लागतात.

गुणपत्रिकेवर याखेरीज काही विषयांसमोर केवळ श्रेणी दिसते. आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा असे हे विषय आहेत. टक्केवारीत त्यांची गणना होत नसली तरी ते पूर्ण करावेच लागतात. खेळात निश्चित पातळीवर चमकलेल्या किंवा रेखाकलेच्या शासकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना नियमानुसार सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून अशी प्रमाणपत्रे पेटीत ठेवून न देता त्यांच्या प्रती वर्गशिक्षकांकडे वेळेवर द्याव्यात. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता किंवा अन्य दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्या मिळवण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला वेळ जातो. मूल ‘मठ्ठ’ आहे असा शिक्का मारण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. अक्षरे उलटसुलट दिसण्याचा आणि बुद्धीचा संबंध नसतो.

टक्केवारी : दिसते ती आणि असते ती

दहावीची टक्केवारी २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ या पद्धतीने काढली जाते. सहाही विषयांत उत्तीर्ण व्हायचे, पण टक्केवारीसाठी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायचे. एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीला मराठीत ७२, हिंदीत ६८, इंग्रजीत ४१, गणितात ३८, विज्ञानात ५५ आणि सामाजिक शास्त्रांत ७० गुण मिळाले. सहा विषयांची बेरीज ३४४, म्हणजे सहाशेपैकी सुमारे ५७ टक्के. गणिताचे ३८ वगळले की पाच विषयांचे होतात ३०६, म्हणजे पाचशेपैकी ६१.२० टक्के.

श्रेणीची विभागणी अशी आहे : ७५ टक्के व त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी, आणि ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी. ही मुलगी साठच्या पुढे गेली. घरात पेढे वाटले गेले, आणि वाटले जावेतच. परंतु तिला पुढे तंत्रनिकेतनात किंवा विज्ञान शाखेत जायचे असेल तर जे गणित टक्केवारीतून वगळले गेले तेच पहिल्या महिन्यात समोर उभे राहणार आहे. म्हणून एकूण टक्क्यांचा आकडा पाहून झाल्यावर पालकांनी सहाही ओळी सावकाश वाचाव्यात, आणि मुलाला ज्या वाटेने जायचे आहे त्या वाटेवरचा विषय कोणता, तेथे किती गुण आहेत, हे पाहावे.

वीस गुणांचे महत्त्व आणि त्यातील जोखीम

मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रांसाठी शाळेच्या हातचे वीस गुण नव्हते. शंभर गुणांची लेखी परीक्षा होती. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. पुढे वीस गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या परीक्षेच्या शेवटी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण द्यावे लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०२१ मध्ये महामारीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीतील शाळांतर्गत काम यांवरून निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के होता.

तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुले एवढी बदलली नव्हती. मोजण्याची रीत बदलली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. कोणताही आकडा वाचताना तो कोणी, कसा आणि कशासाठी नोंदवला हे आधी विचारायचे असते. २०१९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या थोरल्या मुलाचे टक्के आणि २०२१ च्या धाकट्या मुलीचे टक्के शेजारी ठेवून दोघांत डावे-उजवे करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

या वीस गुणांविषयी आमच्या समाजाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोर्डाच्या लेखी उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. बारकोड लावलेला असतो, बैठक क्रमांक झाकलेला असतो. परीक्षक दुसऱ्या शाळेचा, त्याच्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. उत्तर लिहिणारे मूल कोणत्या वस्तीतले, कोणत्या आडनावाचे, हे तपासणाऱ्याला कळत नाही. ज्या समाजाच्या मुलांना एकेकाळी वर्गाबाहेर, स्वतःच्या गोणपाटावर बसून शिकावे लागले, त्यांच्यासाठी ही अनामिकता मोठे संरक्षण ठरली आहे. अंतर्गत वीस गुण देणारा शिक्षक मात्र मुलाला नावानिशी ओळखतो. त्याचा लाभ असा की, लेखणी अडखळत असली तरी छान बोलणारे, प्रयोग नीट करणारे मूल त्याला दिसते. जोखीम अशी की, जवळीक आणि आकस हे दोन्ही त्या वीस गुणांत शिरू शकतात. यावर उपाय नोंदींचा. तोंडी परीक्षा केव्हा झाली, प्रयोगवहीवर शेरे काय आहेत, गृहपाठाचे गुण कशावरून दिले, हे पालकांनी शांतपणे विचारावे. असे विचारण्यात शिक्षकाचा अवमान नाही. आमच्याकडे नोंद असेल तर आम्ही ती आनंदाने दाखवू, आणि नसेल तर ती ठेवण्याची सवय आम्हांला लागेल.

दुसरीकडे, सढळ हाताने दिलेले वीसपैकी अठरा गुण मुलाचे भले करतातच असे नाही. आरंभी सांगितलेल्या विद्यार्थ्याचे छत्तीस गुण हे त्याचे उदाहरण. आमच्या औदार्याने त्याची कच्ची बाजू वर्षभर झाकून ठेवली.

निकालाविषयी शंका आली तर. अपयश आले तर

दहावीचा निकाल अपेक्षेपेक्षा फार वेगळा वाटला तर तीन मार्ग आहेत. पहिला गुणपडताळणीचा : बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच यात पाहतात. दुसरा, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याचा. तिसरा पुनर्मूल्यांकनाचा : यात उत्तरे पुन्हा तपासली जातात, मात्र त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. या सर्वांना शुल्क आहे आणि मुदत फार थोडी असते. छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासाठी तर कामकाजाचे मोजके दिवसच मिळतात. म्हणून छायाप्रत आली की त्याच दिवशी विषयशिक्षकांना दाखवावी.

मूल एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाले तर त्याचे वर्ष वाया गेले असे समजू नये. २०१५ पासून निकालानंतर लगेचच, जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळू शकतो. त्याला ‘एटीकेटी’ म्हणतात. उत्तीर्ण झालेल्या पण कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. हे ठाऊक नसल्याने आमच्या डोळ्यांदेखत काही मुली एका इंग्रजीपायी घरी बसल्या आणि वर्षाच्या आत त्यांची लग्ने ठरली. ‘नापास’ हा एक शब्द ऐकून घरच्यांनी शिक्षणाचा विषय मिटवून टाकला. पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याच आठवड्यात भरला असता तर त्यांतील काहींचे आयुष्य वेगळे झाले असते, ही सल आमच्या मनातून जात नाही.

निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. त्या दिवशी बोललेले शब्द मुले फार वर्षे विसरत नाहीत. शाळेत फोन करावा, शक्य असल्यास मुलाला घेऊन यावे. पुढे काय करायचे ते एकत्र बसून ठरवू.

पालकसभेत विचारायचे पाच प्रश्न

‘‘पास आहे ना?’’ हा प्रश्न जरूर विचारावा. त्यानंतर आणखी पाच प्रश्न विचारावेत. त्यांसाठी पालकांचे स्वतःचे शिक्षण झालेले असण्याची गरज नाही.

१. प्रत्येक विषयात लेखीचे गुण किती आणि अंतर्गतचे किती?

२. मागच्या चाचणीपेक्षा या वेळी गुण वाढले की घटले?

३. उत्तरपत्रिका दाखवाल का? गुण कोणत्या धड्यांत, कोणत्या प्रश्नांत गेले?

४. चूक कशामुळे झाली? मुळात कळले नव्हते, कळले पण लिहिता आले नाही, की वेळ पुरला नाही? (या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. ज्याला वेळ पुरत नाही त्याला पुन्हा शिकवणी लावून उपयोग नाही. त्याला घड्याळ लावून लिहिण्याचा सराव हवा.)

५. पुढच्या परीक्षेपर्यंत शाळा काय करणार आणि आम्ही घरून काय करायचे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडून लिहून घ्यावे. वसतिगृहातील मुलांचे पालक दूर असतात. त्यांनी रविवारच्या फोनवर ‘जेवलास का’ याच्या जोडीला ‘या आठवड्यात गणितात काय झालं’ एवढे विचारले तरी मुलाला आपल्या अभ्यासाकडे कोणाचे लक्ष आहे हे जाणवते.

पुन्हा लिहिण्याची तयारी

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांना त्यात फेरफार हवे होते. बाबासाहेब तोवर भारतात परतण्याच्या अवस्थेत होते आणि पैशाची चणचण होती. त्यांनी प्रबंध नव्याने मांडून पाठवला आणि १९२३ साली ही पदवी मिळवली. आपण त्यांच्या पदव्यांची यादी मुलांकडून पाठ करून घेतो. त्या यादीतील एका पदवीच्या मागे पुन्हा लिहून काढलेला प्रबंध आहे, हेही मुलांना सांगावे. परीक्षकाचा शेरा वाचणे, काय राहिले ते समजून घेणे आणि पुन्हा लिहायला बसणे, हाच मूल्यमापनाचा खरा उपयोग आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यालाही पुन्हा लिहायला बसावे लागले. निकालानंतर तो गुणपत्रिका न्यायलाही आला नव्हता. एका वीटभट्टीवर कामाला लागला होता. आम्ही दोघे शिक्षक तेथे गेलो आणि विलंब शुल्क भरून त्याचा पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला. तीन आठवडे तो वसतिगृहात राहिला. त्याची उत्तरे तपासताना आमच्या लक्षात आले की त्याचा घोटाळा सातवीतल्या अपूर्णांकांपासून होता. तेवढे पक्के केले. जुलैमध्ये त्याला गणितात एकेचाळीस गुण मिळाले. विजेच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या आयटीआयच्या ट्रेडला दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. त्या एकेचाळीस गुणांवर त्याला तेथे प्रवेश मिळाला. आज तो घरोघरी वायरिंगची कामे घेतो आणि धाकट्या बहिणीच्या पालकसभेला वडिलांच्या जागी येतो.

गेल्या सभेला तो आला, तेव्हा त्याने प्रगतिपुस्तकाचे शेवटचे पान न उलटता थेट विषयांचे पान उघडले आणि विचारले, ‘‘सर, गणितात लेखीचे किती आहेत?’’ आम्ही रजिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवले. पुढच्या सभेला आपण सर्वांनी हाच प्रश्न विचारावा. रांग लांबली तरी चालेल. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसून राहू.